आल्याची नोंद नाही

१

औषधांच्या त्या गोदामात सर्व्हरला तोंड आहे हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक म्हणजे काका. वर्षानुवर्षं त्याची देखभाल करून ते निवृत्त झाले होते. दुसरी म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकून त्यांच्याच खुर्चीवर बसलेली ती, जिला सगळं गोदाम सर्व्हरबाई म्हणायचं. बाकीच्यांच्या लेखी काचेच्या दारामागे ते एक घोंघावणारं काळं कपाट होतं. पण ते कपाट दिवसभर लिहीत असायचं. कोणतं मशीन, म्हणजे कुठल्या विभागातला कॉम्प्युटर, जोडलं गेलं, कोणतं सुटलं, कोणी काय मागितलं, कुठे घोडं अडलं, सगळं एका फाइलीत, ओळीखाली ओळ. या बडबडीला लॉग म्हणतात.

आदल्या दिवशी ही बडबड अंगाशी आली होती. लिहून लिहून सर्व्हरनं स्वतःचीच डिस्क भरून टाकली, आणि लिहायला जागा उरली नाही तसा तो रुसून बसला. ट्रक दारात, खोकी पट्ट्यावर आणि साहेब बाईच्या खुर्चीमागे, असं सगळं जिथल्या तिथे थांबलं. ते निस्तरून ती घरी पोचली तेव्हा तिची लेक चिऊ दाराशीच उशी आणून झोपली होती. बेल ऐकून डोळे चोळत उठली आणि काही न बोलता उशी घेऊन आत गेली. ते न बोलणं बाईला फार लागलं.

चिऊचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा भेटणार. शाळा सुटली की चिऊ आपल्या किल्लीनं घर उघडायची, आतून कडी लावायची आणि आईची वाट बघायची. त्यासाठी बाईनं एक नियम घालून दिला होता. बेल वाजली की आतून ‘कोण?’ विचारायचं. ‘मी’ म्हणणाऱ्याला उघडायचं नाही, कारण ‘मी’ काय, सगळेच म्हणतात. आई असली तर ती ‘आले’ म्हणेल. ‘आले’ ऐकलं तरच कडी काढायची.

त्या सकाळी बाईनं घरातल्या सपाता दाराशी काढल्या. डाव्या सपातेचा तळ सुटला होता, चालताना ती फटक फटक वाजायची. बदलू बदलू म्हणत राहून गेली होती. चपला घालता घालता ती नेहमीसारखी म्हणाली, “येते गं.”

“तू नुसती येते येते म्हणतेस,” चिऊ दप्तर भरत म्हणाली. “येत तर नाहीस.”

२

“त्या लॉगचं तोंड बंद करा, बाई,” साहेब आल्या आल्या म्हणाले.

“तोंड बंद केलं तर उद्या काय बिघडलं हे कोण सांगणार, साहेब?”

“मग कमी बोलायला लावा. मला ऐकायचंय तेवढंच बोलायला हवं त्यानं.”

साहेबांनी आयुष्यात सगळ्यांकडून एवढीच अपेक्षा केली होती, त्यामुळे बाईला हसू आलं. ती सेटिंगची फाइल उघडून बसली. सर्व्हरनं काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुठे लिहायचं हे तिथे ठरतं. रोजची फाइल वेगळी ठेवायची आणि तिला वाराचं नाव द्यायचं. पुढच्या सोमवारी जुन्या सोमवारवरच नवा सोमवार लिहायचा, म्हणजे डिस्क भरायला नको. ओळीच्या आरंभी वेळ आणि मशीनचं नाव. किरकोळ विचारणा गाळायच्या, रेंगाळणाऱ्या तेवढ्या टिपायच्या. मात्र मशीनच्या येण्याजाण्याची नोंद तिनं आजच्या दिवसापुरती मुद्दाम चालू ठेवली. कोण विनाकारण ये-जा करून डिस्क भरतं ते तिला बघायचं होतं.

ती नोंद मराठीत होती, ही काकांची हौस. सर्व्हरचे संदेश आपल्या भाषेत करून घ्यायची सोय असते, पण ती उठाठेव कोणी करत नाही. काकांनी केली. मशीन जोडलं गेलं की सर्व्हर लिहायचा ‘आलो’, सुटलं की ‘येतो’. ‘जोडणी तुटली’ असं साधं लिहा म्हटलं की काका कानाला हात लावायचे. “जाणाऱ्यानं जातो म्हणू नये, बाई. मशीन झालं म्हणून काय झालं?”

तेव्हा दिवसभर पडद्यावर हे असं चालायचं. पॅकिंग: आलो. गेट: आलो. पॅकिंग: येतो. बाईला ते बघताना बरं वाटायचं. सगळी मशीनं चांगल्या घरातली आहेत असं वाटायचं.

३

दुपारी चिऊचा फोन आला. शाळेतून आल्या आल्या ती फोन करायची.

“कडी लावलीस?”

“लावली. तू कधी येतेस?”

“येते.”

“म्हणजे कधी?”

“येते गं लवकर. आज नक्की.” बाईचा एक डोळा पडद्यावर होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा तो शब्द तिच्या तोंडून सुटला. तिनं फोन ठेवला आणि त्याच क्षणी फाइलीत तळाशी एक ओळ उमटली.

शीतगृह: येते

तिनं ती वाचली आणि पुढे गेली. मग परत मागे आली. येतो नाही, येते. काना नव्हता, नुसती मात्रा होती. काकांच्या भाषांतराची फाइल उघडून तिनं तो शब्द शोधला. ‘येतो’ होता, ‘आलो’ होता. ‘येते’ कुठेच नव्हता. जो शब्द त्याला शिकवलेलाच नाही, तो सर्व्हर लिहील कसा?

दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली ती याहून वाईट होती. ‘येते’च्या आधी, सबंध फाइलीत, शीतगृहाचं ‘आलो’ नव्हतं. जो आलाच नाही तो निरोप कसला घेतो? आणि शीतगृह तर दुरुस्तीसाठी बंद होतं. तिथल्या मशीनची वायरच काढून ठेवलेली होती.

बाईच्या मनात पाल चुकचुकली. पण ती हिशेबी डोक्याची बाई. फोन ठेवायला आणि ओळ यायला एकच वेळ आली, ही नुसती बोलाफुलाला गाठ, असं तिनं स्वतःला बजावलं. कोणी तरी शीतगृहाचं नाव दुसऱ्या मशीनला दिलं असेल. अक्षरांची गडबड असेल. सर्व्हर खोटं बोलत नाही, हे मात्र तिला काकांनीच शिकवलं होतं.

४

गोदामातल्या सगळ्या वायरी ज्याच्या ताब्यात असत त्याला सगळे तारवाला म्हणत. उंच, हडकुळा, कमरेला पक्कड. त्याला बरोबर घेऊन ती शीतगृहाकडे निघाली.

“येते म्हणतंय म्हणजे बाई आहे,” तारवाला म्हणाला. “बाईमाणूस आत अडकलं असेल तर एवढ्या सभ्यपणे लिहून कळवणार नाही. बोंबा मारेल.”

“तुम्ही नीट चला.”

शीतगृहाचं दार जाड, मधे कापूस भरलेल्या गादीसारखं. ते उघडलं तेव्हा थंडी आली नाही. यंत्र बंद असल्यानं आत कोंदट, रबरासारखा वास होता. खिडकी नाही. रिकाम्या मांडण्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या. तारवाल्यानं दिवा लावला, तो थोडा थरथरून स्थिर झाला. मशीन टेबलावर होतं. वायर गुंडाळून, वर दोरा बांधून, बाजूला ठेवलेली. तारवाल्यानं ती स्वतःच बांधली होती, गाठ त्यानं ओळखली.

“हे मशीन बोललं असेल तर मी नोकरी सोडतो,” तो म्हणाला.

टेबलासमोरची खुर्ची दाराकडे वळलेली होती. कोणी उठून गेलं की वळते तशी. बाईनं सहज बैठकीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. बैठक ऊबदार होती.

“इथे कोणी डुलकी काढायला येतं का?”

“मी नाही हं,” तारवाला घाईनं म्हणाला. मग त्यानंही हात लावून बघितला. त्याची थट्टा तिथेच संपली. “दाराची किल्ली माझ्याकडेच असते, बाई.”

असेल कोणाकडे तरी दुसरी किल्ली, ती म्हणाली. असते. प्रत्येक गोदामात प्रत्येक किल्लीला एक चोरटी बहीण असते. दोघं बाहेर आले आणि तारवाल्यानं दार लावून कुलूप दोनदा ओढून बघितलं.

५

परतताना ती पॅकिंगमधून गेली. पट्टा चालू होता, खोकी सरकत होती, पांढरे कोट आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका चिकटपट्ट्या ओढत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मावशी चष्म्यातून वर बघत म्हणाल्या, “आता थांबलीस होय? मघाशी हाक मारली तर थांबली नाहीस.”

“मघाशी? मी आत्ता येतेय इकडे, मावशी.”

“वा गं वा. आत्ता या दारानं आलीस, त्या दारानं गेलीस. पाठमोरी बघितली मी. म्हटलं, अगं, कालचं सगळं ठीक झालं का? तर मागे न बघताच म्हणालीस, येते.”

“मीच होते?”

“तुझा आवाज मला कळत नाही का? आणि चाल. डावा पाय घासत गेलीस. चप्पल तुटली का?”

बाईनं खाली पाहिलं. तिच्या पायात ऑफिसच्या चपला होत्या, चांगल्या धड. इथे सगळ्याजणी एकसारखे कोट घालतात, ती मनाशी म्हणाली. मावशींच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्या स्वतःच सांगत होत्या. हे सगळं खरं होतं. तरी ती कोपऱ्यातल्या पॅकिंगच्या मशीनकडे गेली. मशीनपाशी कोणी नव्हतं. ती जवळजवळ पळतच आपल्या खोलीत आली आणि फाइलीत तळाशी बघितलं.

पॅकिंग: येते

६

तिनं काकांना फोन लावला. निवृत्त माणसं फोन लगेच उचलतात.

“काका, तुम्ही भाषांतरात ‘येते’ कुठे घातलं होतंत का?”

“छे. मशीन, सर्व्हर, सगळ्यांना मी सरसकट पुल्लिंगी करून टाकलं. का गं?”

तिनं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं नाही, मावशींचंही नाही. फक्त ओळी वाचून दाखवल्या. तेवढ्यात तिच्या डोळ्यादेखत तिसरी उमटली.

गेट: येते

आणि तिला हायसं वाटलं. खरंच वाटलं. जे काही होतं ते आतून बाहेर चाललं होतं. शीतगृहातून पॅकिंगमध्ये, पॅकिंगमधून गेटवर, आणि गेटच्या पुढे रस्ता. निरोप घेत घेत कोणी तरी निघून गेलं. ब्याद गेली. ती काकांना म्हणालीसुद्धा, “गेली वाटतं, काका. गेटच्या बाहेर गेली.”

“आधी ‘आले’ आहे का कुठे?”

“नाही. आल्याची नोंद नाही.”

काकांना कोड्यांची आवड, ते कोडं सोडवत असल्यासारखे सरळपणे म्हणाले, “मग ते निरोपाचं ‘येते’ नसेल, बाई. आल्याशिवाय निरोप कसा घेईल? आपण काय फक्त जातानाच येते म्हणतो का? यायला निघालेलं माणूसही म्हणतंच की. तू नाही का घरी फोन करून सांगत, येते म्हणून?”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. ट्रक मागे घेताना होणारा टूं टूं आवाज बाहेर चालू होता. ‘येते.’ किती वेळा म्हणाली असेल ती? रोज दुपारी. काल तर एकामागून एक. येते गं, निघालेच, येते. दरवेळी फोन खाली ठेवायची आणि शब्द विसरायची. ती इथेच खुर्चीत. शब्द मात्र तोंडातून निघालेला. तो कुठे जात असेल हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं.

मूर्खपणा, ती स्वतःशी म्हणाली, आणि तिनं तेच केलं जे तिला येत होतं. सेटिंगची फाइल उघडली. येण्याजाण्याची नोंद बंद केली. रेंगाळणाऱ्या विचारणा बंद. इशारे बंद. सर्व्हर मरायलाच टेकला तर तेवढंच लिहायचं, एरवी अक्षर नाही. नवी फाइल सुरू करायचा हुकूम दिला. कोरी, पांढरी फाइल उघडली, आणि ती बघत असतानाच तिच्यात एकच ओळ आली. मशीनच्या नावाची जागा मोकळी होती.

येते

साहेबांनी दारातून डोकावलं. “बाई, गप्प बसला का तो?”

“बसला, साहेब.”

“पूर्णच बंद करून टाका की मग. कटकट नको.”

तिचा हात त्या शेवटच्या सेटिंगवर होता. एक शब्द बदलला की लॉग पूर्ण बंद. पण नोंद बंद केली म्हणून येणारी थांबते थोडीच? ती कुठवर आली हे कळायचं तेवढं बंद होईल. बाईनं हात काढून घेतला. आणि मग तिला पहिल्यांदा नीट, स्वच्छ भीती वाटली. स्वतःची नाही, आतून कडी लावून बसलेल्या लेकीची. तिनं घरी फोन लावला.

७

“हं आई,” चिऊ म्हणाली. मागे टीव्हीत काही तरी नाचत होतं.

“चिऊ, टीव्ही बारीक कर आणि नीट ऐक. आज कोणालाही दार उघडायचं नाही.”

“मी उघडतच नाही.”

“कोणालाही नाही. कळलं?”

“तुला पण नाही?”

या साध्या प्रश्नापाशी बाई अडली. काय सांगणार होती ती? नऊ वर्षांच्या पोरीला, एकटीला, की आईलाही उघडू नको? मग आईनं आत यायचं कसं? तिनं श्वास घेतला. शब्द जुळवले. तेवढ्यात फोनमधून, तिच्या ओळखीची, घरची बेल वाजली.

“आई, थांब, बेल.”

“चिऊ, उघडू नको. इकडे ये. फोन सोडू नको.”

“विचारते ना मी. नियम आहे ना.” फोन टेबलावर ठेवल्याचा टक आवाज. बारीक पावलं. मग लांबून चिऊचा आवाज, शाळेत हजेरीला लागतो तसा स्पष्ट: “कोण?”

बाईनं फोन कानात रुतवला. टीव्ही, पंखा, रस्त्यावरचा एक हॉर्न. आणि दाराच्या पलीकडून, लाकडातून गाळून आल्यासारखा, दमलेला, जरासा बसलेला, मायेचा आवाज. आपला आवाज आपल्याला कधी नीट ओळखता येत नाही म्हणतात. तिनं तो लगेच ओळखला.

“आले.”

“आई, तू पण ना!” चिऊ हसत ओरडली, आनंदानं. “दारात उभी राहून फोन करतेस!”

“चिऊ!” बाई ओरडली. सबंध गोदामाला ऐकू गेलं असेल. फक्त एका टेबलावर पडलेल्या फोनपाशी ऐकायला कोणी नव्हतं. कडी सरकली. दार उघडल्याचा आवाज, मग लागल्याचा. फटक, फटक, फटक असं काही तरी फोनजवळ आलं. कोणी तरी फोन उचलला. श्वास ऐकू आला, धापा टाकून आलेल्या माणसाचा. मग फोन ठेवला गेला.

पडद्यावर, जिथे आता अक्षरही उमटायला नको होतं, तिथे दुसरी ओळ आली होती. तिच्या ऑफिसचा एक लॅपटॉप अडीअडचणीला म्हणून घरी कपाटावर असायचा. त्याचं नाव तिनंच कधी तरी ठेवलं होतं.

घर: आले

८

गेटवरचा वॉचमन तिला बघून स्टुलावरून उठला. “बाई, तुम्ही परत आत कधी आलात? मघाशीच तर गेलात ना बाहेर?” ती थांबली नाही.

रिक्षा मिळेपर्यंत ती पळाली, मिळाल्यावर पाय आपटत बसली. घरी फोन लावत राहिली, तो वाजत राहिला. संध्याकाळ कलली होती, दुकानांचे दिवे लागत होते, माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती. कोणी जादा वेळा बेल वाजवली की चिऊ वैतागायची, हे काही कारण नसताना तिला आठवलं. मुलीला काही होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. बाकी काही बुद्धीला पटो न पटो.

जिन्यात नेहमीचा फिनेलचा वास होता. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. आपल्या दारासमोर आल्यावर मात्र तिचे पाय थांबले, कारण आत सगळं फार ठीक होतं. दाराच्या भिंगाच्या बारीक भोकातून उजेड येत होता. कुकरची शिट्टी झाली. चिऊ हसत होती, काही तरी भराभर सांगत होती, शाळेतलं असावं. आणि मधे मधे कोणी तरी ‘हं’ म्हणत होतं. घाई न करता. ऐकून घेत. किती दिवसांत चिऊ इतकं बोलली नव्हती.

बाईनं किल्ली लावली. फिरली. दार हललं नाही. आतून कडी होती.

तिनं बेल दाबली.

बोलणं थांबलं. “आई, बेल वाजली,” चिऊचा आवाज आला.

“आले हं, आले,” स्वयंपाकघरातून तिचाच आवाज म्हणाला.

फटक, फटक करत सपाता दाराशी आल्या. चौकटीवर हाताचा भार पडल्यासारखं लाकूड किंचित करकरलं. भोकातला उजेड गेला. पलीकडे कोणी तरी डोळा लावला होता, आणि तो तिच्याकडे शांतपणे बघत होता. तिला वाटलं की तिकडून तिला ओळखलंय. इतकं जवळून, इतकं नीट तिला आजवर कोणी बघितलं नव्हतं.

“कोण?” आवाजानं विचारलं.

धावून छाती भरून आली होती. तिच्या तोंडून निघालं ते कोणाही घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तेच.

“मी. चिऊ, मी आहे.”

मग चिऊचा आवाज, अगदी दारापाशी, आईच्या पदराआडून बोलावा तसा दबका.

“उघडू नको, आई. ती ‘मी’ म्हणाली.”

“नाही उघडत, बाळा.”

“चिऊ, आले!” ती दारावर हात आपटत म्हणाली. “आले मी, आले, आले.” पण भोकात पुन्हा उजेड दिसू लागला होता, आणि सपाता फटक फटक वाजत, बरोबर दोन लहान पावलांना घेऊन, स्वयंपाकघराकडे परत चालल्या होत्या.